डाव्या टाकीतली नळी

विमान बांधायला मला अकरा वर्षं लागली. हे ऐकून लोक कौतुक करतात, आणि ह्यात कौतुकासारखं काय आहे हे मला अजून कळलेलं नाही. तेवढ्या वर्षांत माणसं दोन घरं बांधतात. मी टेक्सासमधल्या प्लेनो गावातल्या घराच्या गराजमध्ये, दोन्ही गाड्या कायमच्या उन्हात उभ्या करून, दोघांनी मागेपुढे बसायचं एक ॲल्युमिनियमचं विमान बांधलं. ते पुरं होईपर्यंत माझा उजवा खांदा गेला, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला आणि आकाशात कोलांट्या मारायची हौस संपली. खरं तर कोलांट्या मारता याव्यात म्हणूनच हे विमान निवडलं होतं. आता कोलांट्या मारते ती माझी मुलगी. मी खाली घडीची खुर्ची टाकून बसतो आणि मान वर करून बघतो. आताशा मानही दुखते.

मंडळाच्या गणपतीत दर वर्षी कोणीतरी विचारतंच, "काका, ते विमान खरंच उडतं का हो?" मी म्हणतो, उडतं. मग ते विचारतात, उलटं कसं काय उडतं, पेट्रोल सांडत नाही का? हा प्रश्न मात्र बावळट नाही. मी अकरा वर्षांतले सात महिने ह्याच प्रश्नावर घालवले.

ह्या विमानाची पेट्रोलची टाकी पंखात असते. सरळ उडताना पेट्रोल तळाशी असतं, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचं तोंडही तळाशी असतं, आणि कोणाची काही तक्रार नसते. विमान उलटं केलं की पेट्रोल टाकीच्या छताला जातं, नळीचं तोंड उघडं पडतं आणि इंजिन हवा ओढून बंद पडतं. म्हणून कसरतीच्या विमानात एका टाकीत साध्या नळीऐवजी एक मऊ, लोळती नळी बसवतात. तिच्या टोकाला पितळेचं वजन असतं. पेट्रोल जाईल तिकडे वजन पडतं आणि नळी तिथून पेट्रोल ओढते. आमच्या विमानात ही नळी डाव्या टाकीत आहे. इंग्रजीत तिला फ्लॉप ट्यूब म्हणतात. आमच्या घरात तिला सोंड म्हणतात. हे नाव बायकोने ठेवलं, कारण त्या सात महिन्यांत जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता आणि तिला निदान तोंडात बसेल असा शब्द तरी हवा होता.

सगळी गंमत त्या नळीच्या मऊपणात आहे. ती कडक झाली तर वजन जागचं हलत नाही. पेट्रोल एकीकडे आणि नळीचं तोंड दुसरीकडे, अशी गत होते. आणि ह्या मऊ नळीला जन्मभर राहायचं असतं पेट्रोलमध्ये, म्हणजे मऊपणा हळूहळू खाऊन टाकणाऱ्या पाण्यातच म्हणा ना.

विमानाच्या सुट्या भागांचं जे किट मी विकत घेतलं होतं, त्याच्याबरोबर एक नळी आली होती. पण ती फुकट डब्यात आलेली, म्हणूनच मला तिचा भरवसा वाटेना. माझा पोटापाण्याचा धंदा टेस्टिंगचा. सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये खोट काढून पगार घेतो आहे. कोणी म्हटलं "चालतंय", की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी आणखी तीन प्रकारच्या नळ्या मागवल्या. एक काळ्या रबराची. एक टेफ्लॉनची, वरून स्टीलच्या तारांची जाळी विणलेली. एक पिवळी, आरपार दिसणारी, गवत कापायच्या मशीनला असते तसली. त्यांचे तुकडे केले, इंडियन ग्रोसरीतून आणलेल्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत विमानाचं पेट्रोल भरलं, त्यात ते बुडवले आणि बरण्या अंगणातल्या शेडमध्ये ओळीने मांडल्या. गराजमध्ये गिझरची ज्योत असते, म्हणून शेड.

दर रविवारी मी एकेक तुकडा बाहेर काढायचा, टेबलाच्या काठावर धरायचा, टोकाला वजन लावायचं आणि तो किती खाली झुकतो ते फूटपट्टीने मोजायचं. टेक्सासच्या जुलैत सगळ्याच नळ्या मऊ असतात, हे तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं. मग थंडीतही मोजायला हवं. मी फ्रीझरचं दार उघडून नुसता उभा राहिलो होतो. बायकोने आत डोकावून बघितलं, किसलेल्या नारळाची पिशवी पुढे ओढली आणि म्हणाली, "ह्याच्या शेजारी पेट्रोल ठेवलंस तर मी तुला त्या शेडमध्ये झोपायला पाठवीन." मी एक वेगळा थर्मोकोलचा खोका आणि बर्फ आणला.

टेफ्लॉनला पेट्रोलने काहीही केलं नाही. पण ती मुळातच ताठ. टाकीत जागा हातभरही नसते, तेवढ्या लांबीत ती वळायला तयार नव्हती, आणि वर तारांची जाळी ॲल्युमिनियमला घासणार हे वेगळंच. पिवळी पहिल्या आठवड्यात शेवईसारखी लोळत होती. चौथ्या महिन्यात तिची कुरडई झाली. काळं रबर मात्र हळूहळू, अगदी मोजून घ्यावं लागेल इतकं हळू कडक होत होतं. शेवटी मी काळी नळी निवडली. मग तिच्यावरचा पुसट छाप भिंगातून वाचला आणि कळलं की किटमधली नळीही त्याच रबराची होती.

"म्हणजे डब्यात आली होती तीच?" बायकोने विचारलं.

"तीच नाही. तसलीच."

तिने हसू आवरलं. तिच्या हसण्यापेक्षा ते आवरणंच मला जास्त लागलं.

विमान उडायला लागल्यावर ते आम्ही उत्तरेला तासाभराच्या अंतरावरच्या एका लहान विमानतळावर ठेवलं. तिथे शेजारच्या हँगरमध्ये एक अमेरिकन म्हातारा असतो. जुनं दुपंखी विमान आहे त्याचं. मी त्याला माझ्या बरण्यांचा तक्ता दाखवला. त्याने तो शांतपणे पाहिला, आत गेला आणि एक नळी घेऊन आला. म्हातारपणच्या काठीच्या मुठीसारखी वाकलेली, आणि तशीच कडक. मी ती सरळ करायला गेलो तर होईना. "हीसुद्धा चांगलीच होती," तो म्हणाला, "घातली तेव्हा." त्याचं इंजिन एकदा उलटं असताना खोकलं होतं. तेव्हापासून तो दोन वर्षं झाली की नळी बदलतो. बघत नाही, विचार करत नाही, बदलतो.

मी घरी येऊन वार्षिक तपासणीच्या यादीत स्वतःच्या हाताने लिहिलं: दर वर्षी नळी बाहेर काढून तपासणे, दोन वर्षांनी बदलणे. इथे असा नियम आहे की ज्याने विमान बांधलं त्याला ते दर वर्षी तपासून वहीत सही करायचा परवाना मिळतो. नाहीतर लायसन्सवाला मेकॅनिक बोलवावा लागतो. माझ्याकडे तो परवाना आहे. अकरा वर्षांची कमाई म्हणजे तेवढा एक कागद, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

आता ही नळी बाहेर काढायची म्हणजे काय ते सांगतो. तिच्यापर्यंत पोचायची झाकणी टाकीच्या आतल्या बाजूला, विमानाच्या अंगाला चिकटून असते. तिथे हात जात नाही. त्यामुळे अख्खी टाकी पंखातून सोडवावी लागते. पेट्रोल उपसायचं, सत्तरेक स्क्रू काढायचे, त्यातल्या दहाबारांची डोकी झिजणार म्हणजे झिजणारच. मग झाकणीभोवतीचं, पेट्रोल गळू नये म्हणून लावलेलं काळं सीलंट खरवडायचं. परत लावताना नवीन सीलंट. ते बोटांना, कोपराला, चष्म्याला, सगळ्याला लागतं आणि नखांतून आठवडाभर जात नाही. सीलंट वाळेपर्यंत दोनतीन दिवस विमानाला हात लावायचा नाही. पहिल्या वर्षी मी हे सगळं केलं. दुसऱ्या वर्षीही केलं. नळी तेव्हा चांगली मऊ होती. बदलायची म्हणून नवीन आणूनही ठेवली होती, पण इतकी मऊ नळी फेकवेना. मी जुनीच परत बसवली.

तिसऱ्या वर्षी खांदा इतका धरला होता की शर्ट घालताना डोळ्यांत पाणी यायचं. मी पंखाचं टोक धरून विमान डावीउजवीकडे डोलवलं. आत वजन टाकीच्या पत्र्यावर पडल्याचा आवाज आला, टक. म्हणजे नळी हलते आहे. मी वहीत लिहिलं की नळी तपासली, ठीक आहे. "बाहेर काढून" हे दोन शब्द मी मागच्या वर्षीच्या ओळीतून जसेच्या तसे उतरवले होते.

चौथ्या वर्षी मी टकसुद्धा ऐकला नाही.

त्या वर्षाबद्दल काय सांगू. कंपनीने आमची टीम निम्मी केली आणि काम तेवढंच ठेवलं. सकाळी साडेसहाला पुण्याशी कॉल, त्यानंतर इथला दिवस. ज्या पोरापोरींना मी कामावर घेतलं होतं, त्यांना काढल्याचं मीच सांगायचं. त्यातल्या दोघांचे व्हिसा त्या नोकरीवर टांगलेले होते. शनिवार-रविवारी मला फक्त आडवं व्हायचं असायचं. विमानाच्या तपासणीचा दिवस आला तसा मी हँगरमध्ये गेलो, पुष्कळसं काम मनापासून केलं, आणि दुपारी यादीत डाव्या टाकीची ओळ आली तेव्हा पाय ओढत स्टुलावर जाऊन बसलो. वही उघडली. मागच्या वर्षीचं पान समोर होतं. "डाव्या टाकीतली नळी बाहेर काढून तपासली. लवचीक. ठीक." मी ते उतरवलं आणि खाली सही केली.

मला त्या क्षणी काही चुकीचं करतोय असं वाटलंही नाही, हे आज सांगताना जास्त लाज वाटते. कारण आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. रिलीजच्या वीकेंडला तीनशे ओळींची यादी असते. प्रत्येक ओळ चालवून बघायला वेळ कोणाला आहे? मागच्या वेळी पास झालं होतं, मध्ये कोणी हात लावलेला नाही, मग पास. नवीन आलेल्यांना मीच हे शिकवलं आहे, आणि तेही शहाणपण म्हणून. सॉफ्टवेअरमध्ये ते बऱ्याच अंशी खरंही आहे. ज्याला कोणी हात लावला नाही ते सहसा बदलत नाही. रबर मात्र कोणी हात न लावता बदलतं. सात महिने बरण्या मांडून मी नेमकं हेच तर शोधून काढलं होतं.

मुलगी हॉस्पिटलमध्ये श्वासाच्या मशीनवर असलेल्या पेशंटची काळजी घेते. वेगळं राहते, पण दर बुधवारी जेवायला येते. मी सही केली त्यानंतरच्या बुधवारी ती आली तेव्हा फार खुशीत होती. शनिवारी हौशी लोकांची एक कसरतीची स्पर्धा होती आणि ती पहिल्यांदाच वरच्या गटात उतरणार होती. त्या गटात विमान बराच वेळ उलटं ठेवावं लागतं. वर्षभर ती ड्यूटी संपवून, आठवड्यातून दोनदा, तासभर गाडी चालवत जाऊन ह्याचा सराव करत होती. वरणभातावर लिंबू पिळता पिळता ती आईला हाताने दाखवत होती, इथे उलटं, इथे अर्धी गिरकी, इथे परत उलटं.

"आणि वजन कमी हवं ना," ती म्हणाली, "म्हणून लेफ्ट टँकमध्ये मी क्वार्टरच ठेवणार आहे. मोस्टली एम्प्टी."

माझा घास हातातच राहिला. टाकी भरलेली असली तर कडक नळीचंही निभतं. तिचं तोंड कुठेही असलं तरी पेट्रोलमध्येच असतं. पाव टाकीत नळीला खरंच इकडून तिकडे पडावं लागतं. आणि शनिवारी सकाळी थंडी असणार होती.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. मिरची."

दुसऱ्या दिवशी मी दिवसभर स्वतःशी वाद घालत होतो. तपासणीला विमान उघडण्याआधी, दोन आठवड्यांपूर्वीच ती उलटी उडाली होती, इंजिनाने हूं की चूं केलं नव्हतं. तेव्हा टाकी भरलेली होती. रबर इतक्यात कडक होत नाही. चार वर्षं झाली होती. स्पर्धेत ती उंचावर असते, इंजिन खोकलंच तर सरळ करायला वेळ असतो. किती वेळ? एका मीटिंगमध्ये मला कोणीतरी दोनदा प्रश्न विचारला आणि मी दोन्ही वेळा "येस" म्हणालो. प्रश्न काय होता ते मला आजही माहीत नाही.

संध्याकाळी मी मुलीला फोन केला आणि जमेल तितक्या सहज आवाजात म्हणालो, "शनिवारी डावी टाकी भरूनच ने."

"व्हाय?"

"असंच."

"असंच इज नॉट अ रीझन, बाबा."

हे वाक्य माझंच होतं. लहानपणी ती गणिताचं उत्तर असंच म्हणून सांगायची तेव्हा मी तिला हेच ऐकवायचो. मी म्हणालो, बरं, बघू, आणि फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी चहाच्या वेळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती एरवी अशा वेळी मला सोडत नाही. नळ्या, बरण्या, फ्रीझर, सगळ्याचा उद्धार होईल म्हणून मी खाली मान घालून बसलो होतो. तिने कप बशीत ठेवला. "मला सांगून काय करतोस? तिला सांग. फोनवर नको, जाऊन सांग." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पुण्याचा कॉल मी सांगू का कॅन्सल केला म्हणून?" मी हो म्हटलं. सत्तावीस वर्षांत बायकोने माझी मीटिंग रद्द केल्याची ती पहिली वेळ.

मुलीने शुक्रवारची रजा घेतली होती. मी हँगरमध्ये पोचलो तेव्हा ती विमानाची काच पुसत होती. मला बघून हसली. तिला वाटलं मी मदतीला आलो.

मी गाडीत चार वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही निघालं नाही. "वहीत मी नळी बाहेर काढून बघितली असं लिहिलंय," मी म्हणालो, "ते खोटं आहे."

तिने फडक्याची घडी घातली आणि ती पंखावर ठेवली. "डिड यू पुल इट आउट ऑर नॉट?"

"नाही."

"लास्ट इयर?"

"नाही. पंख डोलवून टक ऐकला होता."

"टक ऐकला होता," ती म्हणाली. तिने तो आवाज माझ्यासारखाच काढला, पण चेष्टेने नाही. "अँड धिस इयर?"

"काहीच नाही. मागच्या वर्षीचं उतरवलं."

ओरडेल असं वाटलं होतं, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फोन काढला, दाराकडे गेली आणि स्पर्धेच्या लोकांना कळवलं की ती उद्या येत नाही. मेन्टेनन्स इश्यू, एवढंच सांगितलं. पलीकडच्या माणसाने बहुधा हळहळ व्यक्त केली, कारण ती दोनदा "इट्स ओके" म्हणाली. माझं नाव तिने घेतलं नाही. वर्षभराचा सराव दोन मिनिटांत संपला, आणि मला पाठीशी घालून संपला. मला खुर्चीत बसून रडावंसं वाटलं. पण तेही तिलाच निस्तरावं लागलं असतं, म्हणून मी स्क्रूड्रायव्हर शोधायला लागलो.

टाकी काढायला आम्हाला चार तास लागले. वरचे स्क्रू तिने काढले, खालचे मी, कारण झोपून हात वर करणं मला कसंबसं जमतं आणि उभं राहून अजिबात नाही. आम्ही कामापुरतं बोललो. हे धर, ते दे, दिवा इकडे कर. सीलंट तिनेच खरवडलं. झाकणी निघाली तेव्हा तिने हात आत घातला आणि नळी बाहेर ओढली.

ती काठीसारखी झालेली नव्हती. सरळ खाली लोळतही नव्हती. मुलीने तिचं एक टोक धरून ती आडवी केली, तर वजनाचं टोक खाली जायला लागलं, पण अर्ध्यात अडल्यासारखं थांबलं आणि मग उरलेलं अंतर सावकाश गेलं. उलटी केली, परत तसंच. तिने हे सातआठ वेळा केलं. उद्या सकाळच्या थंडीत, पाव टाकीवर, ह्या नळीने काय केलं असतं हे आम्हा दोघांनाही सांगता येईना. मी मनात कित्येकदा उत्तर काढून बघितलं. दर वेळी वेगळं येतं.

"आमच्याकडे ट्यूबवर डेट लिहितात," ती नळी कचऱ्याच्या डब्यात टाकत म्हणाली. "डेट झाली की टाकतात. चांगली आहे का, कोणी विचारत नाही."

"मला माहीत आहे," मी म्हणालो. मला खरंच माहीत होतं. माझ्या यादीत लिहिलेलं होतं.

नवी नळी बसवून, झाकणी चिकटवून आम्ही टाकी लाकडी घोड्यांवर वाळत ठेवली तेव्हा दुपार टळून गेली होती. बायकोने दिलेले पराठे डब्यात तसेच होते. आम्ही ते गार खाल्ले. मग मुलीने हात पुसले, टेबलावरची वही घेतली, बादली पालथी घालून तिच्यावर बसली आणि माझ्या सहीचं पान उघडलं. कुठूनशी एक पेन्सिल काढली.

"ब्रेक्स?" ती म्हणाली.

काय चाललंय ते मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "बघितले."

"रडरच्या केबल्स?"

"बघितल्या. दोन्ही टोकं."

"बॅटरी?"

"बघितली."

"मागच्या चाकाचे बोल्ट्स?"

मागचं चाक बघायचं म्हणजे काँक्रीटवर पालथं पडायचं. तिने माझ्या उत्तराची वाट बघितली, मग त्या ओळीपुढे पेन्सिलने बारीक फुली मारली आणि पुढची ओळ वाचली. एकूण सव्वीस ओळी होत्या. इंजिनाच्या सगळ्या ओळी मी खऱ्या केल्या होत्या. त्या वाचताना मी जरा मोठ्याने बोलत होतो, हे माझं मलाच ऐकू येत होतं.

मध्येच तिने पेन्सिल थांबवली. "बाबा, तू दमलायस," ती म्हणाली. ती माझ्याशी निम्मं इंग्रजीत बोलते, हे मात्र अख्खं मराठीत म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "फार दमलोय गं." विमान पुरं झालं त्या दिवशी म्हणायला हवं होतं, किंवा त्याच्याही आधी कधीतरी. इतकी वर्षं कोणी विचारलं की मी मजेत असायचो.

"नेक्स्ट इयरपासून सही मेकॅनिक करेल. ओके?"

मी मान हलवली. अकरा वर्षांचा तो कागद घरी फ्रेममध्ये लावलेला आहे. वाईट वाटलं, आणि त्याच श्वासात खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखंही वाटलं. ह्यातलं जास्त काय होतं ते मी तेव्हाही ठरवू शकलो नाही.

तिने परत वहीत बघितलं. शेवटची ओळ राहिली होती. "सीटबेल्टचे बोल्ट्स?"

"ते बघितले," मी पटकन म्हणालो. "ते दोनदा बघितले. तू उलटी लटकतेस त्याच्यावर. ते मी कधीच सोडणार नाही."

"हाऊ डू आय नो?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उलटून बोललो असतो, माझा स्वभाव तसा आहे. ती फक्त विचारत होती. वहीत त्या ओळीखाली माझी सही होती, आणि नळीच्या ओळीखालीही तीच सही होती.

मी पाना उचलला. डावा पंख मोकळा पडला होता म्हणून उजव्या बाजूने चढलो, पुढच्या सीटची गादी काढून बाहेर ठेवली आणि आत वाकून पहिल्या बोल्टला पाना लावला. खांद्यातून कळ गेली. बोल्ट घट्ट होता.

"घट्ट आहे," मी म्हणालो.

ती वर आली, माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसली, माझ्या हातातून पाना घेतला आणि त्याच बोल्टला परत लावून बघितला.